नव्वद अंशांवर उगवलेल्या कांड्या

नॅनोतंत्रज्ञानावर प्रोजेक्ट म्हटला की पहिलं प्रकरण ठरलेलं असतं. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांचं १९५९ सालचं भाषण, ब्रिटिश म्युझियममधला चौथ्या शतकातला रोमन पेला, मग केसाच्या जाडीशी तुलना. आमच्या मॅडमनी ते प्रकरण वाचायलाच नकार दिला. "हे तुझ्या आधीच्या सगळ्यांनी लिहिलंय. तू काय बनवलंस आणि ते तेच आहे हे तुला कशावरून कळलं, एवढंच लिही." एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा माझा सगळा प्रोजेक्ट त्या 'कशावरून कळलं' पाशी घुटमळत राहिला. बनवणं एका रात्रीचं काम होतं. बनलंय काय, हे कळायला बाकीचं वर्ष गेलं.

विषय होता झिंक ऑक्साईडच्या नॅनोकांड्या, म्हणजे ज्यांची जाडी नॅनोमीटरमध्ये (मीटरच्या अब्जाव्या भागांत) मोजतात अशा कांड्या. झिंक ऑक्साईड म्हणजे कॅलामाईन लोशनमधली, सनस्क्रीनमधली, टायरच्या रबरात मिसळतात ती पांढरी पूड. ती निवडायचं कारण अगदी व्यवहारी होतं. ती पाण्यात बनते, नव्वद अंशांवर बनते आणि तिला व्हॅक्यूम लागत नाही. कोल्हापूरकडे रासायनिक पद्धतीने थिन फिल्म (काचेवरचा पातळ थर) बनवायची जुनी परंपरा आहे. शिवाजी विद्यापीठात बीकर, गरम पाणी आणि काचपट्टी एवढ्यावर कितीतरी जणांनी पीएच.डी. केल्या. व्हॅक्यूमची यंत्रं फार महाग पडतात, बीकर स्वस्तात मिळतो. आमच्यासारख्या कॉलेजच्या लॅबला परवडणारं नॅनो हेच.

सुरुवात काच धुण्यापासून, आणि ती वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ खाते. मायक्रोस्कोपची साधी काचपट्टी घ्यायची, साबणाच्या पाण्याने चोळायची, मग डीआय वॉटर (आयन काढलेलं शुद्ध पाणी), ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येकात सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात) थोडा थोडा वेळ. काच स्वच्छ झाली की पाणी तिच्यावर थेंबाथेंबाने जमत नाही, सलग पसरतं. बोटाचा ठसा राहिला तर दुसऱ्या दिवशी फिल्ममध्ये तो ठसाच उमटतो, रेषांसकट. आमच्या लॅबमधले मामा (प्रयोगशाळा सहायक, पण त्यांना नावाने कोणीच हाक मारत नाही) लांबून नुसती काच बघून सांगायचे, "धुतलेली न्हाई ही." त्यांचं बरोबर असायचं.

मग बी पेरायचं. झिंक ॲसिटेट इथेनॉलमध्ये अगदी पातळ विरघळवायचं, ५ मिलिमोलर (द्रावण किती दाट ते सांगणारं माप). त्याचे थेंब काचेवर टाकायचे, काही सेकंदांनी इथेनॉलने धुवायचे, वाळवायचं, पुन्हा टाकायचे. असं चार-पाच वेळा झालं की पट्टी मफल फर्नेसमध्ये ३५० अंशांवर वीसेक मिनिटं ठेवायची. ॲसिटेट मोडतं आणि काचेवर झिंक ऑक्साईडचे बारीक कण उरतात, तेच बी. भट्टीचं दार लगेच उघडायचं नाही, नाहीतर काच तडकते. बाहेर काढल्यावर डोळ्यांना काहीही दिसत नाही. काच आधी होती तशीच.

म्हणूनच मॅडमनी एक पट्टी अर्धी झाकून करायला लावली. अर्ध्या भागावर भट्टीपुरता टिकणारा टेप नव्हता, म्हणून मी बी घालताना थेंब टाकण्याऐवजी पट्टी द्रावणात अर्धीच बुडवली. बाकी सगळी क्रिया दोन्ही अर्ध्यांवर सारखी. त्या पट्टीबद्दल पुढे सांगते.

कांड्या वाढवायच्या द्रावणात दोनच गोष्टी. झिंक नायट्रेट हेक्झाहायड्रेट आणि हेक्झामीन, दोन्ही २५ मिलिमोलर. शंभर मिलिलिटरला नायट्रेट ०.७४४ ग्रॅम आणि हेक्झामीन ०.३५० ग्रॅम. गणित सोपं आहे, वजन करणं सोपं नाही. झिंक नायट्रेट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि साधारण ३६ अंशांना स्वतःच्याच पाण्यात वितळतं. आमच्याकडच्या पावसाळ्यात बाटलीचं झाकण उघडून ठेवलं तर खडे आधी चिकट होतात, मग चमच्याला लगदा लागतो. आपण जे वजन करतो त्यात झिंक किती आणि पाऊस किती, हे सांगता येत नाही. बाटली डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद बरणीत) ठेवायची, आणि निळं सिलिका जेल गुलाबी दिसू लागलं की आधी ते ओव्हनमध्ये सुकवायचं. हेक्झामीनचा असा काही त्रास नाही. ट्रेकवाले शेगडीत ज्या पांढऱ्या वड्या जाळतात त्या हेक्झामीनच्याच असतात.

यात हेक्झामीन करतं काय? गरम पाण्यात ते हळूहळू फुटतं, त्यातून फॉर्मल्डिहाईड आणि अमोनिया निघतो. अमोनियामुळे द्रावणाचा पीएच चढतो, हायड्रॉक्सिल आयन मिळत राहतात आणि झिंक ऑक्साईड तयार होतं. सगळी गंमत त्या 'हळूहळू'मध्ये आहे. सरळ अमोनिया किंवा कॉस्टिक सोडा ओतला तर झिंक एकदम खाली बसतं, पांढरा गाळ होतो आणि काचेला फार थोडं मिळतं. हेक्झामीन ते अडवून धरतं. झिंक ऑक्साईडच्या षटकोनी स्फटिकाचं वरचं टोक सगळ्यांत वेगाने वाढतं, बाजू मागे राहतात, म्हणून कांडी तयार होते. हेक्झामीन बाजूंना चिकटून त्यांची वाढ रोखतं असंही काही शोधनिबंधांत म्हटलंय, काहींना ते पटत नाही. ही पाण्यातली पद्धत लोकप्रिय झाली ती व्हेसिएर यांच्या २००३च्या निबंधानंतर. ती आता इतक्या ठिकाणी चालते की प्रत्येक लॅबची स्वतःची पाककृती झाली आहे.

पट्टी निळ्या झाकणाच्या बाटलीत तिरकी उभी करायची, बी घातलेली बाजू खाली. हे महत्त्वाचं. द्रावणातही स्वतंत्रपणे कण तयार होतात आणि ते खाली बसतात. बाजू वर ठेवली तर ती गाळाची धूळ आपल्या कांड्यांवर साचते आणि पुढे फोटोत मोठमोठे ढेकूळ दिसतात. बाटली ओव्हनमध्ये ९० अंशांवर ठेवली की तासाभरात द्रावण धुरकट होतं. पाच-सहा तासांनंतर ठेवून फारसा उपयोग नाही, झिंक संपत आलेलं असतं. जास्त लांब कांड्या हव्या असतील तर ताजं द्रावण घालावं लागतं. मध्येच लाईट गेली तर काय, हे मात्र कोणत्याही निबंधात लिहिलेलं नसतं. आमच्याकडे ती जायची. तेव्हा ओव्हनचं दार न उघडता थांबायचं आणि वहीत वेळ लिहून ठेवायची, एवढंच हाती.

सकाळी बाटली उघडल्यावर ती अर्धी पट्टी मी ट्यूबलाईटखाली तिरकी धरली. मधोमध रेघ होती. बी घातलेला अर्धा भाग दुधाळ, काचेवर श्वास सोडल्यासारखा, पण पुसून न जाणारा. दुसरा अर्धा जवळपास स्वच्छ, कुठे कुठे पांढरे ठिपके. न दिसणारं बी तिथे होतं, हे त्या रेघेवरून पहिल्यांदा कळलं. पट्टी डीआय वॉटरने धुतली, हवेत वाळवली. बाटलीच्या तळाचा गाळही फेकला नाही. गाळून, सुकवून छोट्या बाटलीत ठेवला. तो पुढे फार कामाला आला.

पहिली तपासणी एक्सआरडी, म्हणजे क्षकिरणांनी स्फटिक ओळखणं. तांब्याच्या लक्ष्यातून निघणारे क्षकिरण, तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर, नमुन्यावर वेगवेगळ्या कोनांत पडतात. स्फटिकातल्या थरांमधलं अंतर जिथे जुळेल त्या कोनाला आलेखात पीक (इंग्रजीतलं, म्हणजे शिखर) येतं. झिंक ऑक्साईडची तीन मुख्य पीकं जवळजवळ असतात. ३१.८ अंशांना १००, ३४.४ ला ००२, ३६.३ ला १०१ (ही स्फटिकातल्या थरांच्या दिशांची नावं). तुलनेसाठी सगळे जण जेसीपीडीएसचं ३६-१४५१ हे कार्ड (झिंक ऑक्साईडच्या पीकांची प्रमाण नोंद) लावतात.

गाळाच्या पुडीचा आलेख कार्डासारखाच आला. १०१ सगळ्यांत उंच, बाकीची आपापल्या प्रमाणात. पट्टीचा आलेख बघून क्षणभर वाटलं की वेगळाच पदार्थ बनलाय. ३४.४ चं एकच पीक ताडासारखं उभं, बाकीची जमिनीलगत. पदार्थ तोच, बसण्याची पद्धत वेगळी. पुडीत स्फटिक वाटेल तसे पडलेले असतात. पट्टीवर कांड्या उभ्या असल्या तर त्यांचा लांबीचा अक्ष काचेला लंब असतो, आणि यंत्राच्या त्या मांडणीत काचेला समांतर असलेले थरच पीक देतात. ००२ हे बरोबर त्याच दिशेचे थर. म्हणजे एकही कांडी न बघता त्या उभ्या आहेत हे आलेख सांगत होता. एकाच बाटलीतली पूड आणि पट्टी शेजारी ठेवल्याशिवाय हे इतकं स्वच्छ दिसलं नसतं.

आता माप. पीक जितकं रुंद तितका स्फटिक लहान, हे शेरर यांनी १९१८ साली सूत्रात बसवलं, आणि नॅनोवरच्या बहुतेक प्रोजेक्टांत ते सूत्र असतंच. माझ्या ००२ च्या पीकची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.३० अंश होती. सूत्रात घातली की उत्तर येतं साधारण २८ नॅनोमीटर. बरेच जण इथे थांबतात, "कणांचा आकार २८ नॅनोमीटर" असं लिहितात आणि पुढच्या प्रकरणाला लागतात. पण यंत्र स्वतःही पीक रुंद करतं. त्यासाठी सिलिकॉनचा प्रमाण नमुना लावून यंत्राची रुंदी मोजायची असते. ती ०.१ अंशाच्या आसपास आली. वर्गातून वर्ग वजा केल्यावर माप २९ च्या थोडं वर गेलं. फरक फार नाही. पण दशांशानंतर दोन आकडे लिहायचा मोह त्यानंतर राहिला नाही.

एसईएमसाठी (इलेक्ट्रॉनांनी चित्र काढणाऱ्या मायक्रोस्कोपसाठी) दुसऱ्या गावी जावं लागलं. फी, फॉर्म, गाईडची सही, विभागप्रमुखांची सही, मग स्लॉटची वाट. दिलेली तारीख दोनदा पुढे गेली, कारण यंत्राचं काहीतरी बिघडलं होतं. शेवटी पट्टीचे तुकडे पेट्री डिशमध्ये घालून, कडांना पॅराफिल्म लावून एसटीने गेले. डिश मांडीवर धरून.

तिथला ऑपरेटर आधी नमुना बघतो आणि मग तुम्हाला. "काच आहे ना? गोल्ड कोटिंग लागेल." काच वीज वाहून नेत नाही. इलेक्ट्रॉन तिच्यावर साचतात आणि चित्र पांढरं होऊन सरकायला लागतं, त्याला ते लोक 'चार्जिंग' म्हणतात. म्हणून आधी सोन्याचा काही नॅनोमीटरचा थर चढवतात. डायमंड कटरने तुकडा आणखी लहान केला, कार्बन टेपने स्टबवर (नमुना ठेवायच्या धातूच्या चकतीवर) चिकटवला, कडेलाही टेपची पट्टी ओढली म्हणजे वीज खाली उतरेल. एक तुकडा मुद्दाम मागून ओरखडा मारून मोडला होता, मोडलेली कड वर करून उभा लावायला. कांड्यांची लांबी त्या कडेवरूनच मिळते.

साध्या मायक्रोस्कोपने हे का दिसत नाही, असं आईने विचारलं होतं. उजेडाच्या लाटेची लांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर, त्यामुळे दोनेकशे नॅनोमीटरच्या खालचं काही वेगळं करून बघता येत नाही. दहा किलोव्होल्टच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.०१२ नॅनोमीटरच्या आसपास असते. पण ऑपरेटर फोकस करत असताना हे आकडे आठवत नाहीत. पडद्यावर आधी करडा धूसर पडदा, मग स्टिगमेशनची (चित्राचा ताणलेपणा काढायची) चक्रं फिरवल्यावर अचानक कडा. पन्नास हजार पटींवर वरून बघितलं तर षटकोनच षटकोन, एकमेकांना खेटून, काही जरा कललेले. कडेवरून बघितलं तर आमच्याकडचा उसाचा फड.

ऑपरेटरला सगळ्यांत सुंदर जागा शोधायची सवय असते, आणि विद्यार्थ्याला तीच हवी असते. मॅडमनी निघताना बजावलं होतं की कमी पटींवरचा एक तरी फोटो घे, आणि कडेचा एक, मधला एक. घेतले. मधे फड दाट होता. पट्टीच्या कडेजवळ कांड्या विरळ आणि जाड होत्या. बी नसलेल्या अर्ध्या भागात तर फुलांसारखे झुपकेच होते, एका ठिकाणाहून चहूबाजूंना निघालेले. ट्यूबलाईटखाली दिसलेले पांढरे ठिपके ते हेच. बी दाट तर कांड्या बारीक आणि उभ्या, बी विरळ तर जाड आणि कशाही. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला हे नवीन नाही.

फोटोतल्या कांड्या इमेजजे नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मोजल्या. जाडी सरासरी ८० नॅनोमीटर, पण ५० पासून १२० पर्यंत पसरलेली. लांबी एक मायक्रोमीटरच्या थोडी वर. आणि इथे खरा गुंता सुरू झाला. एक्सआरडी सांगतं २९, एसईएम सांगतं ८० आणि १०००. खरं कोणतं?

मला वाटलं होतं दोन्ही बरोबर, कारण एक स्फटिकाचा सलग तुकडा मोजतं आणि दुसरं बाहेरचा आकार. परीक्षेत याच उत्तरावर मार्क मिळतात. मॅडमना ते पुरलं नाही. ००२ चं पीक जे माप देतं ते काचेला लंब दिशेचं, म्हणजे कांडीच्या लांबीचं. कांडी जर टोकापासून बुडापर्यंत एकच स्फटिक असेल, आणि या पद्धतीच्या कांड्या तशा असतात असं निबंध सांगतात, तर त्या दिशेला हजार नॅनोमीटर सलग आहेत. मग शेररच्या सूत्राने काही मापच द्यायला नको होतं. शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या पुढे पीकची रुंदी यंत्राच्या रुंदीत बुडून जाते. तरी माझं पीक यंत्रापेक्षा तिप्पट रुंद होतं. म्हणजे एकतर कांडीच्या आत ताण किंवा दोष आहेत, ते पीक रुंद करतात. किंवा खालच्या बियांच्या थराचा वाटा त्यात मिसळलाय. किंवा कांडी दिसते तशी एकसंध नाही.

हा प्रश्न पुढे किती निबंधांत कोणी विचारलाच नाही हे बघत बसण्याचा नाद लागला. शेररचं सूत्र लावलेलं असतं, शेजारी मायक्रोमीटरच्या कांड्यांचा फोटो असतो, आणि दोघांची गाठ कोणी घालून देत नाही. मला स्वतःला हा भाग सगळ्या प्रोजेक्टमध्ये जास्त आवडला, पण रिपोर्टमध्ये त्याला दीडच पान मिळालं.

यूव्ही-व्हिजिबलचं काम, म्हणजे फिल्म कोणता उजेड गिळते ते मोजणं, त्या मानाने पटकन उरकलं. कोरी काच बेसलाईनला लावायची, कारण काच स्वतःच ३०० नॅनोमीटरच्या आसपास उजेड गिळायला लागते. माझ्या फिल्मची कड (उजेड गिळायला जिथे सुरुवात होते ती तरंगलांबी) ३७५ ला आली. १२४० भागिले ३७५, बँडगॅप (पदार्थातला इलेक्ट्रॉन वर उडवायला लागणारी किमान ऊर्जा) ३.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट. पुस्तकातला आकडा ३.३७. हा फरक क्वांटम परिणामामुळे असं लिहायचा मोह सगळ्यांना होतो. पण फरक त्यामुळे होत नाही. त्यासाठी कण काही मोजक्या नॅनोमीटरपर्यंत खाली यावा लागतो, आणि तेव्हाही बँडगॅप वाढतो, कमी होत नाही. ८० नॅनोमीटरची कांडी त्या हिशेबाने चांगलीच मोठी आहे. टॉक प्लॉटवर (बँडगॅप काढायच्या आलेखावर) सरळ रेघ कुठून कुठे ओढली यावरसुद्धा एवढा फरक पडतो.

शेवटचा भाग मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा. इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगच्या पाण्याचा आणि पंचगंगेचा विषय आमच्याकडे रोजच्या पेपरातला, त्यामुळे रंग तोडणारा पदार्थ म्हटलं की कोणालाही पटतं. पट्टी निळ्या पाण्यात ठेवायची, आधी अर्धा तास अंधारात, म्हणजे जो रंग नुसता चिकटायचा तो चिकटून होईल. मग यूव्ही दिवा. दर थोड्या वेळाने रंग किती उरला ते ६६४ नॅनोमीटरवर मोजायचं. रंग उतरत गेला, आलेख छान आला. मग पट्टी न घालता नुसतं निळं पाणी त्याच दिव्याखाली ठेवलं, तर तेही उतरलं. पट्टीच्या निम्म्याहून कमी, पण उतरलं. तेवढं वजा केल्यावर कांड्यांच्या वाट्याला जे उरलं ते कौतुकाचं होतं, पण पोस्टरवर लावण्याइतकं नव्हतं. शिवाय झिंक ऑक्साईड आम्लातही विरघळतं, अल्कलीतही. पट्टी पुन्हा पुन्हा वापरली की तिचा दुधाळपणा कमी होत गेलेला डोळ्यांना दिसतो. कारखान्याचं पाणी डीआय वॉटरमध्ये कालवलेल्या मिथिलीन ब्लूसारखं नसतं. त्यात मीठ, साबण, स्टार्च, कॉस्टिक सगळं असतं. "ॲप्लिकेशन: इंडस्ट्रियल वेस्टवॉटर" हे वाक्य मी मॅडमना विचारून काढून टाकलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी रिपोर्ट मागून पुढे चाळला. दीड पानाच्या त्या भागावर बोट ठेवून म्हणाले, "तीन कारणं दिलीत. यांतलं कोणतं, ते कसं ठरवाल?" मी म्हटलं, ००४ चं पीक ७२.६ अंशांना असतं, त्याचीही रुंदी मोजायची. स्फटिक लहान म्हणून पीक रुंद असेल तर रुंदी एका प्रमाणात वाढेल, ताणामुळे असेल तर त्याहून जास्त. सर म्हणाले, "मग केलं का नाही?" आमचं स्कॅन ६० अंशांवर थांबवलेलं होतं, स्लॉट तेवढाच होता. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, बियांच्या थराचं काय? त्याला उपाय म्हणजे नुसत्या बी घातलेल्या पट्टीचा एक्सआरडी, आणि एका कांडीचा टीईएम (इलेक्ट्रॉन आरपार पाठवून बघणारा मायक्रोस्कोप).

टीईएमचं काम आता पुढच्या बॅचच्या मुलीने घेतलंय. पट्टीवरच्या कांड्या ब्लेडने खरवडायच्या, इथेनॉलमध्ये सोनिकेटरने सुट्या करायच्या आणि त्यातला एक थेंब कार्बन लावलेल्या तांब्याच्या जाळीवर वाळवायचा. खरवडायला ती अर्धीच पट्टी द्यायची ठरली आहे, दुधाळ बाजू. तिला एवढंच सांगितलंय की आधी एक्सआरडी ८० अंशांपर्यंत करून घे, मग ब्लेड लाव.